बेळगाव भागात मेटल डिटेक्टर घेऊन जुन्या फौजी वस्तू शोधायच्या असतील तर

इंग्लंड-पोलंडचे व्हिडिओ बघून बरीच पोरं विचारायलेत की आपल्या बेळगावात एवढी मिलिटरी, एवढी जुनी छावणी, मग आपण पण मशीन घेऊन फिरलो तर बटणं, बिल्ले, जुन्या पुंगळ्या (म्हणजे काडतुसाच्या रिकाम्या पितळी नळ्या) सापडतील का. सापडतील की. पण लगेच मशीन ऑर्डर करू नका, कारण तिकडची जुनी मिलिटरी जमीन म्हणजे लढाई संपल्यावर शेतकऱ्याकडं परत गेलेलं रान, आणि आपल्याकडची जुनी मिलिटरी जमीन म्हणजे आज पण मिलिटरीचीच जमीन. शिवाय इथल्या मातीत महायुद्ध लढलं गेलेलं नाही. आपली माणसं पहिल्या महायुद्धात इराकातल्या कुतला अडकली, दुसऱ्यात आफ्रिकेतल्या केरेनला लढली, इटलीत लढली, आणि इथं फक्त ट्रेनिंग झालं, पडाव पडले, पलटणी आल्या-गेल्या, पेन्शनवर माणसं गावाला परत आली. त्यामुळं काय शोधायचं आणि कुठं, याचा हिशोब इथं वेगळा आहे.

आधी जमीन, मग मशीन

१८१८ मध्ये किल्ला इंग्रजांकडं गेला, पुढं कॅम्प वसला. १९२२ मध्ये वेगवेगळ्या मराठा पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री केली आणि तिचं ट्रेनिंगचं ठाणं बेळगावला आलं, दुसऱ्या महायुद्धात इथं ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूल होतं, सांबऱ्याची धावपट्टी १९४२ ची, रॉयल एअर फोर्सनं केलेली. म्हणजे वस्तू असणारच यात शंका नाही. पण मराठा सेंटर चालू आहे, कमांडोंचं ट्रेनिंग चालू आहे, सांबऱ्याला एअर फोर्स आहे, रेंजवर आज पण फायरिंग होतं. कुठं कुंपण पडलेलं दिसलं, आत म्हशी चरायलेत, पोरं क्रिकेट खेळायलेत, म्हणून ती जागा मोकळी होत नाही. तिथं मशीन आणि कुदळ घेऊन शिरलात तर नुसतं ओरडून हाकलतील असं समजू नका, १९२३ चा ऑफिशियल सिक्रेट्स कायदा आहे, फील्ड फायरिंगच्या जागांसाठी १९३८ चा वेगळा कायदा आहे, आणि तुम्ही छंद म्हणून आलाय हे गेटवरच्या जवानाला कळायचं काही कारण नाही. तर कॅम्प, रेंज, विमानतळाच्या आजूबाजूचा माळ, हे सगळं यादीतनं आत्ताच काढून टाका.

दुसरं काढून टाकायचं ते गड-किल्ले. बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती आहे, साफा मशीद आहे, दोन्ही पुरातत्त्व खात्याकडं संरक्षित. राजहंसगड, वल्लभगड, कित्तूर, पारसगड, कुठंच मशीन काढायचं नाही. भीमगड तर अभयारण्यात येतो, तिथं फॉरेस्टवाले गाडीसकट ठेवून घेतील. गडावर मशीन घेऊन फिरणाऱ्याला गावकरी पण सोडत नाहीत, आणि बरोबरच करतात.

मग राहतं काय? राहतात खाजगी शेतं, आणि ती कमी नाहीत. रेल्वे यायच्या आधी बेळगाव छावणीचा माल आणि माणसं वेंगुर्ल्याच्या बंदरावर उतरून आंबोलीच्या घाटानं वर यायची, आंबोली हे त्याच रस्त्यावरचं मुक्कामाचं ठिकाण. पलटण चालत जायची म्हणजे एका दिवसाच्या चालीवर पडाव, आणि पडाव म्हणजे पाणी, सावली आणि सपाट जागा. आज त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूला भात, रताळी, भुईमूग आहे. ओढ्याजवळची जुनी आमराई, तिच्या शेजारचं सपाट शेत, अशा जागा डोळ्यासमोर आणा. बेळगाव जिल्ह्याचं १८८४ चं गॅझेटियर नेटवर फुकट आहे, त्यातला रस्त्यांचा भाग वाचा, आणि गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा की "आज्जा, पूर्वी पलटण इथं उतरायची म्हणतात ती कुठं?" हा प्रश्न नकाशापेक्षा जास्त कामाला येतो. वाक्यात "शोधायचं आहे" हा शब्द मात्र आणू नका, नाहीतर गप्पा दुसरीकडंच जातील, त्याबद्दल पुढं सांगतो.

दुसरी जागा म्हणजे जुन्या फौजी घराचं परडं. बेळगाव, खानापूर, चंदगड पट्ट्यात सैनिक घरं भरपूर, पणजोबा पहिल्या महायुद्धाला, आजोबा दुसऱ्या, बाप पासष्टला किंवा एकाहत्तरला. परड्यात, जुन्या गोठ्याच्या जागी, पडक्या भिंतीच्या कडेला बटणं, बक्कल, बुटाच्या टाचेचे लोखंडी नाल, मगाचे तुकडे असलं मिळतं. तुमच्याच आजोळी सुरुवात करा, परवानगीला फक्त मामाला विचारायचं.

उतारा आणि परवानगी

शेत कुणाचं हे तोंडी विश्वासानं धरू नका. उतारा काढून बघा, इकडं आरटीसी म्हणजे पहाणी, शिनोळीच्या पलीकडं महाराष्ट्रात, चंदगडात असाल तर सातबारा. मालकाच्या रकान्यात सरकार, फॉरेस्ट, डिफेन्स किंवा गायरान (इकडं गोमाळ म्हणतात) असं काही दिसलं की विषय संपला, जरी तीस वर्षं तिथं कुणीतरी नाचणी पेरत असला तरी. मालक चार भाऊ असतील तर चौघांना विचारा. एक भाऊ हो म्हणतो, दुसरा पुण्याहून फोन करून पोलिसात जातो, हे आपल्या गावांमध्ये काही नवीन नाही.

परवानगी लिहून घ्या. अर्धं पान पुरे: सर्व्हे नंबर, तारीख, कोण येणार, किती खोल उकरणार, काय सापडलं तर आधी मालकाला दाखवणार, कायद्यानं कळवायचं असेल तर कळवणार. खाली सही. बेळगाव बाजूला असाल तर तेच कन्नडमधून पण करून ठेवा, उद्या बीटचा पोलीस आला किंवा पंचायतीतनं पीडीओनं (पंचायतीचा सरकारी अधिकारी) विचारलं तर कन्नड कागद बघून बोलणं दोन मिनिटांत आटपतं, यात भाषेचा वाद काढायची गरज नाही, आपलं काम होण्याशी मतलब.

कायदा

चार कायदे माहीत पाहिजेत, वकील व्हायची गरज नाही.

एक, जमिनीतल्या गुप्तधनाचा. मूळ कायदा १८७८ चा, चंदगड बाजूला तोच. त्यात 'ट्रेझर' म्हणजे जमिनीत दडलेली किंमतीची कुठलीही वस्तू, आणि किंमत दहा रुपयांच्या वर गेली की जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं, काय सापडलं, अंदाजे किंमत, कुठं, कधी. दहा रुपये! १८७८ चे दहा रुपये आज पण तेवढेच लिहिलेले आहेत, म्हणजे एक चांदीचा रुपया सापडला तरी तुम्ही त्यात आलात. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. कर्नाटकाचा स्वतःचा १९६२ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा आहे, इकडं डीसी म्हणजे जिल्हाधिकारी ऑफिसला जायचं.

दोन, १९७२ चा पुरावस्तू कायदा. शंभर वर्षं झालेली ऐतिहासिक वस्तू ही पुरावस्तू, विकायला लायसन लागतं आणि देशाबाहेर पाठवता येत नाही. आता गंमत बघा, पहिल्या महायुद्धातला १९१५ चा बिल्ला शंभरी ओलांडून बसलाय, १९४३ चं बटण अजून नाही. ऑनलाइन बाहेरच्या देशातला कुणी "शिप करशील का" म्हणाला की हे आठवा.

तीन, स्मारकांचे कायदे, १९५८ चा केंद्राचा आणि १९६१ चा कर्नाटकाचा, त्याबद्दल वर सांगितलंच, संरक्षित जागेच्या जवळपास नाही. बेळगाव पुरातत्त्वाच्या धारवाड सर्कलमध्ये येतं, शंका असेल तर तिथं एक ईमेल टाका.

चार, १९५९ चा आर्म्स ॲक्ट. जिवंत काडतूस लायसनशिवाय जवळ ठेवणं गुन्हा आहे, जुनं असो, गंजलेलं असो. रिकामी पुंगळी? कायद्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे 'भाग' पण येतात, किरकोळ सुट्या भागांना पुढं सूट पण आहे, पण रात्री साडेदहाला चौकीत बसून फौजदाराला ते कलम समजावून सांगायची हौस आहे का तुम्हाला? मी रिकाम्या पुंगळीचा जागेवर फोटो काढतो, माप घेतो, मालकाला दाखवतो आणि घरी आणत नाही. तुम्ही पण असंच करा.

बॉम्ब सापडला तर

हा भाग नीट वाचा, बाकी विसरला तरी चालेल. देशात फायरिंग रेंजजवळच्या गावांमध्ये भंगारासाठी शेल उचलताना, पितळ काढायला हातोडीनं फोडताना माणसं मेल्याच्या बातम्या येतच असतात. न फुटलेला बॉम्ब जुना झाला म्हणून थंड होत नाही, उलट फ्यूज गंजून आणखी नाजूक होतो, आतली दारू कित्येक दशकं टिकते. रेंजच्या लगतच्या खाजगी शेतात सुद्धा मशीन चालवू नका, कारण भरकटलेला गोळा कुंपण बघून थांबत नाही.

ओळखायचं कसं? शेपटीला पंख असलेली लांबट वस्तू म्हणजे मोर्टारचा बॉम्ब. लिंबाएवढी किंवा त्याहून मोठी, चौकटी चौकटींची लोखंडी वस्तू म्हणजे हातबॉम्ब. टोक निमुळतं, बुडाजवळ तांब्याची पट्टी असलेला दंडगोल म्हणजे तोफेचा गोळा. पण गंज आणि माती चढली की ते फक्त लोखंडाचा गोळा दिसतात, म्हणून नियम सोपा ठेवा: लिंबाएवढं किंवा त्याहून मोठं, जड, गोल किंवा लांबट लोखंड दिसायला लागलं की खुरपं बाजूला. अजून थोडं उकरून बघू, नाही. मोबाईलचा फोटो जवळ वाकून काढू, नाही. ज्या वाटेनं आलात त्याच वाटेनं मागं फिरा, लांबून दिसेल अशी काठी किंवा फडकं लावा, गुरं आणि पोरं लांब ठेवा, ११२ ला फोन करा, मालकाला सांगा आणि पोलीस येईपर्यंत थांबा. "डमी असेल, ट्रेनिंगचा असेल" असं गावातला एखादा रिटायर्ड माणूस ठामपणे म्हणेल, त्याचा मान ठेवा पण ऐकू नका. ड्रिलचा आणि खरा गोळा गंजल्यावर सारखेच दिसतात.

मशीन कुठलं

आधी काय घ्यायचं नाही ते. दोन अँटेना असलेली, पिस्तुलासारखी, "सोनं शंभर मीटरवरून दाखवतं" म्हणून विकतात ती लाँग रेंज लोकेटर नावाची भानगड, ती नुसती फसवणूक आहे. कुठलंही डिटेक्टर जमिनीतल्या नाण्याएवढ्या वस्तूला शंभर मीटरवरून काय, एक मीटरवरून पण ओळखत नाही. साधं गणित आहे: मशीनच्या खालच्या तबकडीतनं म्हणजे कॉइलमधनं चुंबकीय लहरी जमिनीत जातात, धातूत वीज खेळायला लागते, त्याचं उत्तर कॉइल पकडते. नाण्याएवढी वस्तू चांगल्या मातीत पंधरा-वीस सेंटिमीटर, आपल्या तांबड्या मातीत त्याहून बरीच कमी.

घ्यायचं ते व्हीएलएफ (कमी फ्रिक्वेन्सीवर चालणारं नेहमीचं) प्रकारचं, हाताने ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा स्वतःचा आवाज बंद, करता येणारं. गॅरेट, नोक्ता, माइनलॅब यांची मॉडेल चालतात, पण सुरुवातीच्या सगळ्याच मॉडेलांत ही सोय नसते, ती आहे का ते आधी बघा, पैसे जास्त असतील तर मल्टी-फ्रिक्वेन्सी (एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सीवर चालणारं) घ्या, आपल्या मातीत त्याचा खरंच फरक पडतो. स्वस्तातलं खेळण्यातलं मशीन ज्यात ग्राउंड बॅलन्सच नाही ते खानापूर बाजूला पहिल्या तासात माळ्यावर जाईल. कॉइल नऊ इंचाच्या आसपास पुरे, मोठी कॉइल तांबड्या मातीत जास्त बोंबलते. बिल जपून ठेवा, बसमध्ये, नाक्यावर विचारतात. बाकी एक पिनपॉइंटर (खड्ड्यात वस्तू नेमकी कुठं आहे ते दाखवणारं हातातलं छोटं मशीन), एक चांगलं खुरपं, हातमोजे, झिपच्या पिशव्या, मार्कर, इयरफोन. कुदळ आणि पहार नेऊ नका, गरज पण नाही आणि बघणाऱ्याला वेगळंच वाटतं.

तांबड्या मातीचं काय करायचं

इथं बाहेरचे व्हिडिओ उपयोगाचे नाहीत. बेळगावच्या पश्चिमेला, खानापूर, जांबोटी, चंदगडकडं सगळी जांभ्याची तांबडी माती, लोखंडाच्या ऑक्साइडनं भरलेली. मशीन चालू केलं की जमीनच वाजायला लागते. पूर्वेला काळी माती, ती त्यामानानं शांत.

ग्राउंड बॅलन्स असा करा. मोकळी, धातू नसलेली जागा शोधा, म्हणजे कॉइल फिरवून कुठं ठळक आवाज येत नाही अशी. बटण दाबून धरा आणि कॉइल जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटरवरून वीसपर्यंत वर-खाली, वर-खाली सावकाश करत राहा. सुरुवातीला खाली येताना आवाज चढेल, हळूहळू तो सपाट होत जाईल, वर-खाली एकच सूर राहिला की बटण सोडा. शेताच्या दुसऱ्या टोकाला माती बदलली की परत करा, भाताच्या खाचरात एक वाफा सोडून दुसऱ्यात गेलं तरी बदलतं. तरीही कुरकुरत असेल तर सेन्सिटिव्हिटी कमी करा. नवीन माणूस सेन्सिटिव्हिटी फुल ठेवतो कारण त्याला वाटतं जास्त खोल जाईल, प्रत्यक्षात फक्त जास्त गोंगाट होतो आणि खरा सिग्नल त्यात बुडतो.

जांभ्याचे लालकाळे दगड धातूसारखे वाजतात. ओळखायची पद्धत अशी की सिग्नल आला की नव्वद अंशात फिरून परत कॉइल फिरवा. धातू दोन्हीकडनं एकाच जागी, एकसारखा, तुटका नसलेला आवाज देतो. दगडाचा आवाज एकीकडनं येतो, दुसरीकडनं पसरतो किंवा गायब होतो, कॉइल थोडी उचलली की लगेच मरतो. मोठं लोखंड, म्हणजे नांगराचा फाळ, बैलगाडीच्या धावेचा तुकडा, कधी कधी मशीनला फसवून स्क्रीनवर (धातू ओळखायचा) उंच आकडा दाखवतं, पण ते कॉइलभर पसरून वाजतं.

शेतात जायच्या आधी परड्यात सराव करा. एक रुपया, एक जुना पितळी बिल्ला, एक खिळा, एक बाटलीचं झाकण, वेगवेगळ्या ठिकाणी पाच, दहा, पंधरा सेंटिमीटरवर पुरा, वर खुणा लावा आणि कान तयार करा. झाकणाचा आवाज नीट पाठ करा, कारण गोव्याचा रस्ता जवळ असल्यामुळं आपल्या बांधाबांधावर क्वार्टरची झाकणं पेरलेली आहेत, आणि ती जवळजवळ बटणासारखीच वाजतात.

कधी जायचं, कसं उकरायचं

पावसाळ्यात नाही, शेतं पाण्याखाली. मे महिन्यात जांभा वीट होतो, खुरपं वाकतं. भाताची कापणी-मळणी झाली की नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत, माती अजून थोडी ओलसर असते, तेव्हा उत्तम, ओल असली की सिग्नल पण जरा बरा येतो. चिकोडी-अथणीकडं ऊस असतो, तिथं तोड झाल्यावर आणि नांगरट झाल्यावर. उभ्या पिकात पाय टाकायचा नाही, हे सांगायला पण नको.

सावकाश चाला. कॉइल जमिनीला समांतर, वर उचलत नाही, प्रत्येक फेरा आधीच्या अर्ध्यावर. एक खाचर नीट करायला अर्धा दिवस जातो, मोठं रान धावत संपवण्यात काही हाशील नाही.

उकरायचं ते नांगराच्या खोलीपर्यंतच. त्यात सापडणारी वस्तू तशीही फाळानं हललेली असते. त्याखाली हलवलेली नसलेली माती, विटा, राखेचा थर, खापरांचा थर लागला तर थांबा, ते पुरातत्त्ववाल्यांचं काम, तुम्ही उकरलं की त्यांना उपयोगाचं काही उरत नाही. गवत असेल तर तीन बाजूंनी कापून झाकणासारखं उलटवा, काम झालं की परत दाबा. खड्डा भरायचाच, कचरा निघाला तर खिशात घालून आणायचा. बांधावर आणि हद्दीच्या दगडाजवळ कधीच उकरू नका, दगड बोटभर हलला तर दोन पिढ्यांची केस सुरू होईल आणि साक्षीदार तुम्ही. मोटारीची केबल आणि ठिबकची लाइन कुठनं गेलीय ते मालकाला विचारा. समाधी, म्हसोबा, शेंदूर लावलेला दगड, त्यांच्यापासून लांब.

वस्तू निघाली की लगेच पुसू नका. आधी जागेवर फोटो, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून, मग मोबाईलवर लोकेशन, खोली, तारीख, सर्व्हे नंबर, सगळं पिशवीवर मार्करनं. याची कटकट वाटते खरी, पण नुसत्या बटणाला किंमत नाही, अमक्या शेतात ओढ्याजवळ आठ बटणं एका ओळीत निघाली याला आहे, कारण तिथनं पडावाची जागा कळते.

"सोनं हाय काय?"

मशीन काढल्यावर पाच मिनिटांत कुणीतरी येतंच. आधी बांधावर उभा राहून बघतो, मग बिडी पेटवतो, मग जवळ येऊन हळू आवाजात, "काय ओ साहेब, सोनं हाय काय?" गुप्तधनाच्या नादात आपल्याकडं काय काय झालंय ते सगळ्यांना माहीत आहे, त्यासाठी अघोरी प्रकार करण्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ चा आणि कर्नाटकात २०१७ चा कायदा आहे. त्यामुळं लोकांना संशय येणं साहजिक आहे. लपवाछपवी करू नका. मशीन त्याच्या हातात द्या, त्याचं कडं किंवा खिशातलं नाणं खाली ठेवून वाजवून दाखवा, पिशवीतली झाकणं आणि खिळे दाखवा. झाकणं बघितल्यावर निम्मा इंटरेस्ट जागच्या जागी संपतो. मालक किंवा त्याच्या घरचं कुणीतरी सोबत असू द्या. अंधार पडल्यावर नाही, अमावस्येला तर अजिबात नाही, तुम्ही मानत नसाल पण गाव मानतं.

काय सापडतं आणि साल कसं ओळखायचं

उचगावकडच्या एका खाचरात भाताच्या धसकटांमध्ये स्वच्छ, गोल आवाज आला, दोन्हीकडनं सारखा. दहा-अकरा सेंटिमीटरवर हिरवट काळी पुंगळी, तोंड फाळानं चेपलेलं, बुडाला कडा बाहेर आलेली, मधल्या टोपीवर पिन बसल्याचा खड्डा, म्हणजे उडालेली. बुडावरची माती ओल्या बोटानं हलकीच सारली तर के, मध्ये बाण, एफ आणि ४३. म्हणजे खडकीच्या फॅक्टरीतली थ्री नॉट थ्री रायफलची, १९४३ ची. एवढ्याशा पितळात कारखाना आणि साल दोन्ही.

माप लक्षात ठेवा. थ्री नॉट थ्रीची पुंगळी छप्पन मिलिमीटर आणि बुडाला कडा बाहेर. एकावन्न मिलिमीटर आणि कडा बाहेर नसेल तर ७.६२, ती एसएलआर रायफलची, स्वातंत्र्यानंतरची. पंचेचाळीस मिलिमीटर बारीक असेल तर ५.५६, इन्सास रायफलची. ती तर अलीकडचीच, आणि शेतात ती भरपूर दिसायला लागली तर तुम्ही चुकीच्या जागी आलाय, मशीन बंद करून निघा. टोपीवर खड्डा नाही किंवा पुढं गोळी अजून आहे, तर ते जिवंत धरा, हात लावू नका, ११२.

पांढरी बुरशी चढल्यासारखा जड शिशाचा गोळा, साधारण सतरा-अठरा मिलिमीटरचा, तो जुन्या ठासणीच्या बंदुकीचा, कंपनी सरकारच्या काळातला किंवा त्याआधीचा पण असू शकतो. शिसं हाताळल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय डबा उघडू नका.

बटण आणि बिल्ल्यावर मुकुट असेल तर १९५० च्या आधीचा, अशोकाचे सिंह असतील तर नंतरचा. खांद्यावरच्या पितळी अक्षरांत १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ यातला आकडा आणि मराठा असं असेल तर तो १९०३ नंतरचा आणि १९२२ च्या आधीचा, तेव्हा पलटणींचे ते नंबर होते. नुसता पाच असेल तर १९२२ नंतरचा. इंग्रजी स्पेलिंगमध्ये मधे एच आणि दोन टी असतील तर इंग्रजांच्या काळातला.

नाणी साल सांगतातच. भोकाचा पैसा १९४३ ते १९४७ चा, तो पडावाच्या जागी मिळाला तर दुसऱ्या महायुद्धातली वर्दळ समजायची. तांबड्या आम्लाच्या मातीत लोखंड खाऊन जातं आणि तांबं पण खडबडीत होतं, काळ्या मातीत पितळावर छान हिरवा थर बसतो आणि अक्षरं टिकतात.

घरी आणल्यावर चिंच, लिंबू, राख, पितांबरी, काही लावायचं नाही. देवाची भांडी नाहीत ती. लख्ख होतील पण अक्षरं आणि वरचा थर जाईल, मग साल पण गेलं. साध्या पाण्यात भिजवा, मऊ ब्रशनं माती काढा, सावलीत वाळवा, लोखंडाची वस्तू मात्र भिजवत ठेवू नका, कोरडी ठेवा.

ट्रंक

खरं सांगू का, या भागातल्या सगळ्यात चांगल्या वस्तू मातीत नाहीतच, माळ्यावरच्या लोखंडी ट्रंकेत आहेत. मशीन चालवायला शिकता शिकता ज्या ज्या घरात परवानगी मागायला जाल तिथं एक प्रश्न विचारा, "काका, आज्जांची पदकं आहेत काय कुठं?" पहिल्या महायुद्धाचं चांदीचं गोल पदक म्हणजे ब्रिटिश वॉर मेडल, छत्तीस मिलिमीटरचं, त्याच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. तेच पदक काशाचं असेल तर तो माणूस फॉलोअर किंवा लेबर कोअरमध्ये असण्याची शक्यता जास्त, म्हणजे लढणारा नाही पण युद्धाला गेलेला. चांदणीच्या आकाराचं १९१४-१५ चं असेल तर नाव मागच्या बाजूला. कुतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी होत्या, डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ ला शरण जाईपर्यंत, त्यामुळं कडेवर यातला नंबर निघाला तर घरच्यांना विचारा की आज्जा तुर्कांच्या कैदेत होते का, बऱ्याच वेळा एवढ्यावर म्हातारी माणसं बोलायला लागतात.

पदक विकत मागू नका, पहिल्याच भेटीत तर नाहीच. फोटो काढायची परवानगी मागा, कडेवरची अक्षरं झिजलेली असतील तर पदक खिडकीजवळ आडवं धरून उजेड एका बाजूनं तिरका पडू द्या आणि मोबाईल झूम करून कड थोडी थोडी फिरवत चार-पाच फोटो घ्या, ते जोडून नाव लागतं. ते नाव, नंबर आणि पलटण मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून त्याच ट्रंकेत पदकासोबत ठेवायला सांगा, आणि एक प्रत तुमच्याकडं.